दिल्लीला नेलेलं तणस

धानाच्या सुक्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की आमच्या कटंगीचा बसस्टँड आठवतो. साठच्या दशकात मी नोकरीसाठी दिल्लीला निघालो, तेव्हा तिथंच आत्यानं तणसानं भरलेलं पोतं माझ्या हाती दिलं. "हे काहून वो आत्या? लोक हासतील मले!" मी कुरकुरलो. "हासू दे. अंथरुणाखाली टाकजो, पाठीले थंडी लागनार नाही." दिल्लीत खोलीतले दोघे सोबती हसलेच. एक म्हणे कानपूरची थंडी भारी, दुसरा म्हणे लखनौपुढे दिल्ली काहीच नाही. जानेवारीत फरशी गारठली, तेव्हा दोघंही गुमान माझ्या तणसावर सरकले. आता घरी जाड गादी आहे, हीटर आहे, तरी थंडी पडली की आत्याच आठवते. तिनं दिल्ली कधी पाहिली नव्हती, पण माझी पाठ तिला ठाऊक होती.