पहिल्या गाडीतली शेवंतीची पाटी

माझ्या चुलतीवर अन्याय झाला तो श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, पहाटे साडेपाचला. शेवंतीची भरलेली पाटी घेऊन ती मखमलाबादहून शहरात जाणाऱ्या पहिल्या बसमध्ये चढली आणि कंडक्टरनं तिला पाटीसकट खाली उतरवलं. कारण काय, तर पाटीवरच्या ओल्या गोणपाटाचं पाणी गाडीत गळतं. आता शेवंती ओल्या गोणपाटाखाली नाही न्यायची तर काय इस्त्री करून न्यायची? पुढची गाडी तासाभरानं. तोवर फुलबाजारातले हारवाले माल घेऊन मोकळे. ऐन श्रावणी सोमवारी माझी काकू दुपारपर्यंत फुलं घेऊन बसून राहिली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेजात होतो आणि आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. रीत ठरलेली: अन्याय कुणावर, कधी, आणि मागणी काय. मधली जागा संतापानं भरायची. मी ती कागदाच्या दोन्ही बाजूंना भरली. गावच्या स्टँडवरून गाड्या सोडणारा कंट्रोलर, त्याला मी ‘उद्दाम’, ‘निगरगट्ट’, ‘कष्टकरी बायांचा वैरी’ ठरवलं, खाली ठळक ‘जाब द्या!’ घातलं आणि पत्रक त्याच्याच केबिनच्या काचेवर खळ लावून चिकटवलं.

वास्तविक उतरवलं होतं कंडक्टरनं. कंट्रोलरला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत झालं ते काचेवर वाचून. त्यानं त्याच दिवशी लेखी सूचना लावली: कोणत्याही गाडीत ओला माल चढवू नये. म्हणजे आधी एका गाडीतून एक बाई उतरली होती, माझ्या पत्रकानं सगळ्या गाड्यांतून सगळ्या उतरवल्या.

मळ्यात गेलो तर काकू फुलं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “काय पुढारी, झाला का न्याय?”

“तू पत्रक वाचलंस का पण?”

“वाचलं की. त्या माणसाला शिव्या हायेत लय. पाटी कुठं ठेवायची, ते नाय कुठं लिहिलेलं.”

उरलेली पत्रकं तिनं ठेवून घेतली. कागद जाड होता, फुलांच्या पुड्यांना बरा.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन थेट केबिनशी गेली. मला पाटी उचलू लागायला नेलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर.

“साहेब,” ती म्हणाली, “माझ्या पाटीचं पाणी गळतं, हे खरं हाय. पाटी कुठं ठेवली तर पाणी बाहेर जाईल? गाडीतलं तुमालाच ठावं.”

मी नुसता जळत होतो. गुन्हा कबूल! तोही आपण होऊन!

कंट्रोलरनं माझ्याकडे पाहिलं. “हा कोण?”

“पुतण्या. बारावीनंतर बिघडला.”

तो हसला. मग उठला आणि उभ्या गाडीत चढून मागच्या दाराजवळचा कोपरा दाखवला. तिथून पाणी सरळ पायरीवरून रस्त्यावर उतरलं असतं. काकूनं पाटी ठेवली ती वीतभर अलीकडे.

“तिथं नव्हे हो मावशी, इथं!” म्हणत त्यानं स्वतः पाटी सरकवली, खाली गोणपाटाची घडीही घातली.

“मग कंडक्टरला तुमीच सांगा. माझं कोण ऐकतंय?”

त्यानं हाक मारून सांगितलं. सूचनेवर पेनानं भर घातली: ‘मागच्या दाराजवळची जागा सोडून.’

परतताना मी विचारलं, “मुद्दाम चुकवलीस ना जागा?”

“मग? खुर्चीवरून उठवायचा व्हता त्याला. आता ती पाटी त्यानं ठेवलेली हाय. कोण उतरवतंय बघू.”

मला अजून वाटतं, गुन्हा कबूल करायची काही गरज नव्हती. यावर आमचे आजही वाद होतात. ती एवढंच विचारते, “पाणी गळत व्हतं का नव्हतं?” गळत होतं.

याला सात-आठ वर्षं झाली. काकू अजून त्याच गाडीनं जाते, पण आता त्या कोपऱ्यात, पहिल्या गाडीच्या प्रवाशांनो, तुम्ही उभे असता. दारातली हवा सोडवत नाही तुम्हाला. पाटीच्या पाण्यानं बूट भिजतात, हे मला कबूल आहे. गाडीत पुढं जागा असते, हे तुम्हीही कबूल करा. आणि उद्या सकाळी, ती चढायच्या आत, पुढं सरका.