झाकणाखालची जागा

"गिटार नंतर. आधी माणूस सांग."

गोरेगावच्या त्याच्या गाळ्यात कुणीही शिरलं की तो हेच म्हणायचा. म्हणतानाही स्वस्थ नसायचाच. अंगठा सतत कशावर तरी घासत असायचा, टेबलाच्या कडेवर, चष्म्याच्या काडीवर, एकदा तर माझ्या नव्या मोबाइलवर. "काय यार, किती कोरा आहे हा!" असं अगदी कळवळून म्हणाला होता.

धंदा उफराटा. तुम्हीआम्ही जुन्याला रंग लावून नवं करतो, हा कोऱ्या इलेक्ट्रिक गिटारी जुन्या करायचा. सिनेमावाले न्यायचे, हौशी पोरं न्यायची. हेअर ड्रायरने रंग तापवायचा, लगेच बर्फ लावायचा, की बारीक तडे जायचे. मग सँडपेपर, किल्ल्यांचा जुडगा. शेवटी मागचं झाकण उघडून आत चावलेल्या पेन्सिलीने लिहायचा, 'ही नवीन आहे.'

"बाहेरून काय ती नाटकं. आत खरं पाहिजे ना?"

मी शेजारच्या गाळ्यात फोटोफ्रेमी करतो. त्याच्याकडचं माझं काम लाजिरवाणं होतं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरचं सामान मी घाईत भंगारवाल्याला दिलं. त्यात दादाची गिटार गेली. दादा मस्कतला. फोनवर विचारायचा, "गिटार नीट आहे ना रे?" मी म्हणायचो, "आहे." आणि आता तो कायमचा परत येत होता.

मी गिटारवाल्यापुढे त्या गिटारचा जुना फोटो धरला. त्याने नवी गिटार घेतली आणि पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं. कोपर कुठे टेकायचा? घाम यायचा? पाठीवर बेल्टच्या बकलचे ओरखडे काढायला किल्ली उचलली आणि थबकला.

"दादा बेल्ट लावायचा?"

"छे! लुंगी. खिडकीच्या कट्ट्यावर बसून वाजवायचा, पाय हलवत."

"मग पाठ कोरी ठेवतो," तो खूश होऊन म्हणाला. दादा मस्कतला गेला तेव्हाही मला त्याची इतकी आठवण आली नव्हती.

गिटार नेताना मी हात जोडले. "एवढ्या वेळेला आत लिहू नकोस रे."

तो गिटार घेऊन आत गेला, बऱ्याच वेळाने झाकणाचे स्क्रू आवळून बाहेर आला. लिहिलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आल्या आल्या दादाने गिटार छातीशी धरली. "जशीच्या तशी ठेवलीस रे!" त्या दिवसापासून दादाने स्क्रूड्रायव्हर नुसता हातात घेतला तरी माझा जीव खालीवर व्हायचा. झोप उडाली. तोवर गिटारवाल्याने गाळा सोडला होता. तिथे आता कुरियरवाले बसतात, त्याचा फोन लागत नाही.

परवा दादा भाजी आणायला गेला, तेव्हा मी खोडरबर घेऊन झाकण उघडलं.

आत काहीच लिहिलेलं नव्हतं. चिकटपट्टीने पेन्सिलीचा एक बुटका तुकडा तेवढा लावून ठेवला होता. त्याचाच, दातांनी चावलेला. खरं मीच लिहावं म्हणून, माझ्यासाठी. मला रडूच आलं.

दादा परत आला तेव्हा झाकण उघडंच होतं.

"हे काय रे?"

"बस दादा," मी म्हटलं. "गिटारचं नंतर. आधी एक माणूस सांगतो."