इन्सब्रुकमधला ठसका

आमच्या नाशिकच्या शेजारणींना अजून वाटतं, की मी आल्प्समध्ये जाऊन मजा मारून आले. भिंतीवरचा फोटोच तसा आहे. मागे बर्फाचे डोंगर, पुढे आम्ही तिघं. नवरा हसतोय, तीन वर्षांची मुलगी हसतेय, मी मात्र कठडा घट्ट धरून उभी. तो फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जितकी घाबरले, तितकी पुढे आयुष्यात कधी घाबरले नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याच्या कारखान्यात परदेशी मशिनं येणार होती, ती शिकून घ्यायला त्याला सहा महिने ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला धाडलं. बायको-मुलीला न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा सगळ्यांना माझं नशीब थोर वाटलं. सिन्नरच्या माझ्या आईला तेवढं वाटलं नाही. तिने एका डब्यात वाळक्या मिरच्या, मोहऱ्या आणि खडेमीठ भरून दिलं.

"लय गोरी मानसं हायेत तिथं," ती म्हणाली. "पोरीला दिष्ट लागंल. काढीत जा."

नवरा हसला. मीही हसले, पण डबा बॅगेच्या तळाशी ठेवला.

गाव सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण तिथला डोंगर रस्त्याच्या टोकाला असा उभा, की खिडकी उघडली की घरातच आल्यासारखा वाटायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे दूर सरकायलाच जागा नव्हती. मी उघड्या माळावर वाढलेली बाई, मला सारखं वाटायचं, हा आता अंगावर येतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "इतकी वर्षं नाही पडला, तू आलीस म्हणून कशाला पडेल?" त्याला मशीन सोडून दुसऱ्या कशाची भीती वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

एका रविवारी त्याने आम्हाला तारेवर लटकणाऱ्या पाळण्यात बसवून त्याच डोंगरावर नेलं. खाली दरी, वर एक तार. मी डोळे मिटून सप्तशृंगीचा धावा करत होते. वर पोचल्यावर नवऱ्याने एकाकडून तो भिंतीवरचा फोटो काढून घेतला, आणि मग मुलीभोवती बायका जमल्या. तिचे काजळ घातलेले डोळे, तेल लावलेले काळेभोर केस. कोणी गाल ओढला, कोणी हातात चॉकलेट कोंबलं. मला आईचे शब्द आठवले आणि मी पोरीला कडेवर उचलून घेतलं.

सोमवारी नवरा कामावर गेला तेव्हा मुलीचं अंग नुसतं कोमट होतं. तो गेल्यावर ती तापाने फणफणली. कारखाना गावाबाहेर, मला ना रस्ता माहीत, ना तिथला फोन नंबर. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, सत्तरीची आणि कडक. जिन्यात चपला वाजल्या तरी ओठांवर बोट ठेवून दटावायची. तिला दोन शब्द सांगायचे तर भाषा कुठून आणू? मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, ताप हलेना. पोरगी रडायचीही थांबली आणि नुसती छताकडे बघत पडली. रडणारं पोर बरं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी डबा काढला. मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, काळ्याची, गोऱ्याची" म्हणताना गोऱ्याची दोनदा म्हटलं. निखारे कुठले मिळणार? विजेची शेगडी लाल केली आणि मूठ शेगडीवर सोडली.

आमच्याकडे याचा नियम सरळ आहे. मिरच्या जळूनही ठसका आला नाही, तर दृष्ट होती आणि ती जळाली. ठसका आला, तर दृष्ट नव्हतीच. ठसका येऊ नये म्हणून देवीला विनवत मी शेगडीपाशी उभी राहिले.

असा ठसका उठला की काय सांगू! माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, पोरगी खोकून खोकून लाल. जिन्यात दारं आपटली, वरखाली माणसं खोकायला लागली. दृष्ट नव्हती. म्हणजे हा खरा आजार होता, त्यावर आईच्या डब्यात काही नव्हतं, आणि माझी पोर या परक्या गावात माझ्या डोळ्यांदेखत जाणार होती.

दार धाडकन उघडलं. आग लागली असं समजून घरमालकीण पाण्याची बादली घेऊन आली होती. तिने शेगडी बंद केली, खिडकी उघडली, माझ्यावर ओरडली, आणि पलंगाकडे लक्ष जाताच तिकडे वळली. मुलीच्या कपाळाला हात लावला. पुढच्या क्षणी तिने पोरीला पांघरुणासकट उचललं आणि जिन्याकडे धावली.

मी तिच्यामागे. मला वाटलं, मी पोरीला धुरात कोंडून मारतेय असं हिने गृहीत धरलंय. आता ही तिला पोलिसांत देणार आणि माझी मुलगी मला परत मिळणार नाही. बर्फाच्या रस्त्यातून मी ओरडत धावत होते, "अगं बये, माझी पोर! माझी पोर दे!" ती थांबेना. कोपऱ्यावरच्या एका दारात शिरली.

तो दवाखाना होता.

डॉक्टरांनी छाती तपासली, कान तपासला, सुई टोचली. पोरगी गळा काढून रडली आणि माझ्या जीवात जीव आला. कानात सूज आहे, बरी होईल, असं ते मला सावकाश इंग्रजीत सांगत होते. मला तेव्हा 'बरी होईल' तेवढंच कळलं, बाकीचं नंतर नवऱ्याकडून. मी बाकावर बसून हुंदके देत राहिले.

पायांची आग व्हायला लागली तेव्हा खाली पाहिलं. मी अनवाणीच आले होते. शेजारी घरमालकीण बसली होती, अजून खोकत. तिच्याही पायांत चपला नव्हत्या. नुसते लोकरीचे मोजे, बर्फाने चिंब झालेले.

तिने माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एप्रनने चोळायला लागली. मी पुन्हा घाबरले. माझ्या आईपेक्षा मोठी बाई, तिने माझ्या पायाला हात लावायचा? पाप लागेल म्हणून मी पाय ओढला. तिने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं आणि दुसरा पाय घेतला.

तिचं झाल्यावर मी खाली बसले आणि तिचे ओले मोजे ओढून काढले. तिचे पाय माझ्यापेक्षा गार होते.