बिनपंपाची पेटी

सदर महिला, वय एकसष्ट, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त निरीक्षक. पाण्याचा अपव्यय रोखण्याच्या कामी एकतीस वर्षे निष्कलंक सेवा. वस्तीतील ओळख : नोटीसबाई.

नवऱ्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्याची झाडं चार मजले खाली राहिली. तो दिवसभर नुसता भिंतीकडे बघत बसू लागला, तेव्हा बाईंनी घरातच, मातीविना पाण्यावर पालेभाजी वाढवायचा संच आणायचं ठरवलं. दुकानदाराने पंप लावलेला नळ्यांचा उभा मनोरा दाखवला.

"वीज गेली तर?"

"थोड्या वेळात मुळं सुकायला लागतात, मावशी. लक्ष ठेवावं लागतं."

"आमच्याकडे आधीच एकावर लक्ष ठेवावं लागतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणाची, बिनपंपाची पेटी निवडली. एकदा पाणी भरलं की महिनाभर बघायला नको.

नवऱ्याने चष्मा लावून माहितीपत्रक दोनदा वाचलं.

"महिनाभर काहीच करायचं नाही?"

"नाही. डोक्याला ताप नाही."

"छान. म्हणजे हीसुद्धा माझ्यासारखीच बसून राहणार."

निवडीत खोट नव्हती, हीच पंचाईत होती. शिवाय उघडलेला संच दुकानदार परत घेत नव्हता.

हल्ली नवरा रोज सकाळी काठी टेकत पेटीशी जातो, पाणी खुणेखाली उतरलेलं बघतो आणि "किती पितात लेकाची!" म्हणत हौसेने भर घालतो. दुपारी त्याचा डोळा लागला की बाई पेटीतलं दोन तांबे पाणी मोरीत ओततात.