बाबांची खिडकीजवळची जागा

सुकट भाजल्याचा वास आला की मला बाबांचा पहिला विमानप्रवास आठवतो. सारा जन्म मोरा बंदराजवळच्या समुद्रात मासेमारी केलेले बाबा माझ्या बहिणीकडे दिल्लीला निघाले होते, पिशवीत तिच्यासाठी सुकट घेऊन. विमान आमच्याच कंपनीने बनवलेलं होतं, आणि पंखातल्या एका जोडाच्या ड्रॉइंगवर माझी सही होती. मी करंजाड्याच्या घरी गॅलरीत उभा असताना विमान सुटायच्या आधी त्यांचा आतून फोन आला. "खिडकीजवल बसलोय. तू केलेला भाग दिसतो का रं?" "नाय बाबा, तो पंखाच्या आत हाय." ते म्हणाले, "आमी नवी होडी काढली का पयले आपून जातो, मंगच पोरांना बसवतो. तू बसलास ना याच्यात?" मी बसलो नव्हतो. उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला. कितीदा तरी तपासलेली गणितं मी पुन्हा मनात मांडू लागलो, पण एकही शेवटापर्यंत जाईना. शेवटी बहिणीचा फोन आला, "पोचले, आल्याआल्या सुकट भाजायला लावली." आज बाबा नाहीत. तरी सही करण्याआधी मी मनात त्यांना त्या विमानात खिडकीजवळ बसवतो, आणि मग लगेच पेन उचलत नाही, पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतो.