जाळ न करता शिजवलेली कोंबडी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, आणि मी गेलो म्हणून मला लिहिता येतं असंही नाही. छापून येतं ते मोठ्या माणसांविषयी असतं असं मला अजून वाटतं. माझ्याजवळ सांगायला फक्त एका कोंबडीचा रस्सा आहे. तो मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत शिजवला, आणि तेवढा वेळ तो आनंदाचा आहे की काळजीचा, हे मला कळत नव्हतं. लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं. पण अजून पुरतं कळलेलं नाही, तरी लिहितो. चूक झाली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव खामगावपासून फार लांब नाही. कॉलेजसाठी मी खामगावला खोली करून राहतो, तिघं मिळून. होळीला घरी आलो तेव्हा घरात शिरायलाच जागा नव्हती. पुढची खोली कापसानं आढ्याला टेकली होती. मधल्या खोलीत एका भिंतीला लागून माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवली होती. त्या वाटेनं गेलं की स्वयंपाकघर. बीटीचं बियाणं आल्यापासून कापूस एकदमच फुटतो आणि घर एकदमच भरतं, असं बाबा म्हणतात. भाव चढेल म्हणून त्यांनी दिवाळीपासून बोंडभर कापूसही बाहेर जाऊ दिला नव्हता. गावात अशी घरं पुष्कळ होती. लोक ओट्यावर नाहीतर गोठ्यात झोपत, आणि सगळे खाजवत. साठवलेल्या कापसातून काहीतरी बारीक किडे निघतात म्हणे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगावर पुरळ उठतं.

मोठ्यांचं ठीक होतं. पण घरात माझी भाची होती. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि पोरगी आता अडीच-तीन महिन्यांची झाली होती. तिच्या मानेवर आणि पाठीवर लाल लाल उठलं होतं. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. ताई तिला घेऊन दिवसभर निंबाखालच्या बाजेवर बसे. रात्री गोठ्याच्या आडोशाला झोपे.

"काऊन नेत नाहीत भाऊजी?" मी आल्या आल्या विचारलं.

ताई म्हणाली, "मले काय माईत? फोन केला की म्हणते, येतो, येतो."

सव्वा महिना झाला की जावयानं यावं आणि लेकीला, लेकराला घेऊन जावं, अशी आमच्याकडची रीत. भाऊजी बारशाला येऊन गेले, त्यानंतर आलेच नाहीत. त्यांच्या घरचा कापूस दरवर्षी संक्रांत झाली की जातो, त्यामुळे घर मोकळं असणार. घरी त्यांची आई आहे, करायला माणूस आहे. मग अडचण काय, ते कोणालाच सांगता येईना. सांगता येईना म्हणून प्रत्येकानं आपापलं कारण ठरवून टाकलं होतं.

मायचं म्हणणं, दुपट्ट्याचं झालं. बारशात जावयाला टोपी-दुपट्टा केला तेव्हा घाईत पेटीतून दुपट्टा काढला आणि त्याला घडीवर पिवळा डाग निघाला. भाऊजी काही बोलले नाहीत. "बोलले नाहीत म्हणूनच तं," माय म्हणे. "बोलणारा माणूस रुसत नाही."

बाबांना ते पटत नव्हतं. "डागावरून कोणी बायको सोडते का? म्या त्याले बारशात शेजारी बसवलं, चार गोष्टी समजावून सांगतल्या. कापूस धरा म्हटलं, अजिबात काढू नका. हाव मामा, हाव मामा म्हणत गेला. रुसला असता तं मान हलवली असती का?"

"ते तोंडावर," माय म्हणाली.

ताई दोघांचं ऐकून घेई आणि पोरीला मलम लावी. एकदा मी एकटाच जवळ होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोरगी झाली म्हणून तं नसन ना रे?" मी नाही म्हणालो. पण ते मला माहीत होतं म्हणून नाही, दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही म्हणून.

शेवटी उपाय शेजारच्या चाचींनी सांगितला. त्यांची आणि आमची एकच कंपाउंडाची भिंत आहे, आणि आमच्या घरातलं बोलणं त्यांना आमच्याआधी कळतं. भिंतीवरून डोकं काढून त्या म्हणाल्या, "अवं, रुसला दामाद बातांनी येत नाही. धुळवडीले बलाव. मुर्गी खाऊ घाल. माझी ती म्हातारी मुर्गी घेऊन जाय. अंडे द्याचं तिनं कवाच बंद केलं, नुसती माझ्यावर डाफरते."

अशी ती कोंबडी ठरली. भाऊजींना फोन गेला. ते म्हणाले, येतो. धुळवडीला घरोघरी मटण असतं, त्यामुळे कोंबडी करण्यात नवल नव्हतं. नवल एवढंच की ती मी करायची होती. माय माळकरी आहे, ती मांसाला हात लावत नाही. आमच्याकडं मांस अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजतं आणि ते बाबा करतात. पण त्या दिवशी बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "तू खोलीवर करतं ना?" ते म्हणाले. "मंग कर."

खोलीवर आम्ही कुकरमध्ये ब्रॉयलर टाकतो आणि शिट्ट्या मोजतो. मला एवढंच येतं. हे मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ते निघून गेले होते.

सकाळी चाचांनी कोंबडी कापून, साफ करून दिली. मी गंज घेतला. गंज म्हणजे मोठं पातेलं. काजळी धरू नये म्हणून त्याच्या बुडाला ओली माती लिंपली. चुलीजवळ पऱ्हाट्यांचा भारा होता. कापूस वेचून झाला की उपटलेली वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाट्या, आमचं नेहमीचं सरपण. दोन मोडून चुलीत घातल्या आणि काडी ओढली, तोच बाबा कुठून तरी धावत आले.

"अबे! घर जाळतं का?"

त्यांनी पऱ्हाट्या ओढून पायानं विझवल्या. मला तेव्हा लक्षात आलं. पऱ्हाटी भडकून जळते, ठिणग्या उडतात. फागुनाचा वारा सुटला होता, आणि चुलीपासून चार पावलांवर उघड्या दारात कापूस दिसत होता. वर्षभराचं सगळं त्या खोलीत होतं.

"मंग शिजवू कायच्यावर?"

"गवऱ्या घे. त्या तिकडं निंबामागं पेटव, धूर गेला का विस्तव आणून चुलीत टाक. जाळ दिसला नाही पाह्यजे."

"त्याच्यावर कवा शिजन?"

"शिजन तवा शिजन," बाबा म्हणाले आणि रस्त्याकडं निघून गेले.

मग मी तसंच करत राहिलो. निंबामागं गवऱ्या पेटवायच्या, लाल झाल्या की फावड्यावर घेऊन चुलीत सारायच्या, वर राख लोटायची. कांदा आणि खोबऱ्याची वाटी त्याच विस्तवात भाजली. पाट्यावर ताईनं वाटून दिलं, एका हातानं, दुसऱ्या हातावर पोरगी. तेलात मसाला परतायला इतका वेळ लागला की मला वाटलं चूल विझली. कोंबडी टाकली, हळद-मीठ टाकलं, झाकण ठेवलं. चाची भिंतीवरून म्हणाल्या, "झाकणात पानी ठेव. रस्सा आटला का तेच गरम पानी अंदर टाक. ठंडं टाकशीन तं बुढी अकडून जाईन."

माय स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी होती. "मी पाहून नाही राह्यली," ती म्हणाली. "पण वास करपल्यावानी येऊन राह्यला."

"करपलं नाही माय, कांदा हाये."

"मले काय करायचं? मीठ पाह्यलं का?"

"तू सांग ना किती टाकू."

"मी कशी सांगू? माळ हाये गळ्यात." थोडं थांबून ती म्हणाली, "मूठभर नको टाकू, एवढंच."

ऊन डोक्यावर आलं. कोंबडी होती तशीच होती. ताईनं एक तुकडा चावून पाहिला आणि म्हणाली, "रबर हाये रे." मग बऱ्याच दिवसांनी ती हसली, आणि हसता हसता रस्त्याकडं पाहू लागली.

मी भाऊजींना फोन लावला. पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मागं चार-पाच माणसांचा गलका ऐकू आला. कोणीतरी जोरात ओरडत होतं, "वरून घे, वरून!"

"भाऊजी, निघाले का?"

"निघतो बाबू, निघतो. तुम्ही जेवून घ्या."

"तुमच्याच साठी तं केलं."

"मामा जवळ हायेत का?" त्यांनी एकदम विचारलं. बाबांना ते मामा म्हणतात.

"नाही, रस्त्यावर हायेत. देऊ का?"

"नको नको. मंग करतो." फोन कट झाला.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणालो, निघतो म्हणाले. माय म्हणाली, मंग आवाज कायचा होता? मी म्हणालो, माणसं होती. माय म्हणाली, भांडण? मला खरंच सांगता येईना. भांडणासारखं होतं आणि नव्हतंही. मामा जवळ आहेत का, हे विचारलेलं मी सांगितलं नाही. त्याचा काय अर्थ लावावा ते मला कळत नव्हतं. बाबांशी बोलायचं नाही, म्हणजे बाबांवरच राग असणार. मग दुपट्टा नाही. मग काय? बाबांनी तर त्यांना मानानं शेजारी बसवलं होतं.

दुपारी मायनं भाकरी केल्या, त्या फडक्यात गार झाल्या. गावातली माणसं धुळवड खेळून, जेवून झोपली. पोरगी लागेल तिथं अंग घासून घेई आणि रडे. ताई तिच्या पाठीवर हात फिरवत राही, बोटं हळू, नख लागू न देता. मी विस्तव बदलत राहिलो. आता जाळ करून पटकन उरकावं असं वाटतही नव्हतं. कोंबडी शिजली आणि भाऊजी आले नाहीत तर काय, यापेक्षा ती न शिजलेलीच बरी वाटत होती.

पण ती शिजत होती. ऊन उतरलं तसा रश्श्याचा वास बदलला. सकाळी नुसता मसाल्याचा होता, आता त्यात जडपणा आला. झाकण काढलं तर वर तेलाचा लाल थर आला होता, आणि पळीनं हलवताना तंगडीचं मांस हाडावरून आपोआप सुटलं. खोलीवरच्या कुकरमध्ये असं कधी झालं नव्हतं.

"झाली," मी म्हणालो.

बाबा रस्त्यावरून येऊन चुलीशी उकिडवे बसले. त्यांनी काडीनं राख बाजूला केली, खालचा विस्तव पाहिला, परत राख ओढली. "राहू दे वर," ते म्हणाले. "येईन तवा गरम पाह्यजे."

"येतील का पण?" मायनं विचारलं. यावेळी तिनं पाठ केली नव्हती.

"न्याचंच नसन तं तसं सांगून टाका म्हणा," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "म्या किती दिवस या निंबाखाली बसू?"

बाबा हातावरचं पुरळ खाजवत राहिले.

दिवस मावळायला टेकला तेव्हा माझा फोन वाजला. भाऊजींचा होता. मी उठून भिंतीकडं जायला निघालो, पण ताईनं माझा हात धरला, म्हणून तिथंच उभा राहिलो.

"बाबू, तू एकटा हायेस का?"

"नाही. सगळे हायेत."

ते मग म्हणाले, "मंग ऐक, आणि तूच सांग. माह्याच्यानं मामाले सांगनं होत नाही. बारशात मामानं सांगतलं, कापूस धरा. म्या धरला. दोन्ही खोल्या भरल्या, चुलीपाशीही गाठोडे लावले. माही माय ओट्यावर झोपून राह्यली, आंग सोलून निघालं तिचं. तिथं त्या लेकराले कुठं ठेवू, सांग बरं? आणि मामाचा शब्द मोडून इकू कसा? रोज म्हटलं उद्या भाव येईन. नाही आला." मग म्हणाले, "आज गाडीत भरून देल्ला सगळा. न इचारता. आत्ता हातात खराटा हाये. झाडून झालं का माय सारवून घेईन. उद्या सकाळी येतो दोघीले न्याले."

मी हाव म्हणालो. त्यांनी विचारलं, पोरीचं पुरळ कसं आहे. मी म्हणालो, तसंच आहे. मग फोन बंद झाला.

ताईनं माझा हात सोडला नव्हता. माय दारातून अंगणात आली होती, चुलीच्या अगदी जवळ, आणि भिंतीवर चाचींचं डोकं होतं. बाबा काडी हातात धरून माझ्याकडं पाहत होते. कोणाकडं पाहून सांगावं ते मला कळेना. शेवटी मी गंजाकडं पाहून सांगितलं, की भाऊजी रुसलेले नाहीत. बाबांच्या शब्दाखातर त्यांचंही घर कापसानं भरलेलं होतं. तो त्यांनी आज विकला, घर मोकळं केलं, आणि उद्या सकाळी ते ताईला आणि पोरीला न्यायला येताहेत.