तारेवरचे बोंबील

नातू गच्चीवर रेडिओची तार बांधत होता आणि कुठूनसा सुकत्या बोंबलांचा वास आला. त्या वासाने मला चाळीस वर्षं मागे, ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या परसात नेलं.

ह्यांनी दोन बांबूंवर तांब्याची तार ताणली होती. तिचं टोक काचेच्या नळीत, मी कानशीने पाडलेल्या लोखंडाच्या किसात होतं. दूर कुठे वीज चमकली की जोडलेली घंटी वाजणार, असं ह्यांचं म्हणणं. शेजारच्या चंद्री कोळणीला ती बोंबील वाळवायची दोरीच वाटली. तिने ओळीने बोंबील अडकवले. हे ओरडणार, तेवढ्यात घंटी खणखणली.

"चंद्रे, काढ बोंबील. पाऊस येतोय," मी ओरडले.

"अगो बाय, आभाल तं साफ हाय!"

"थांब, आधी खात्री करू," हे पुटपुटले.

आमच्या घरात मासळीला कुणी शिवत नसे. मी पदर खोचला आणि भराभर बोंबील काढले. टोपली पडवीत टेकली आणि सर कोसळली.

तेव्हा बाटल्यासारखं वाटून मी न्हाऊन आले होते. आज वाटतं, यंत्र ह्यांनी केलं खरं, पण त्यावर पहिला विश्वास ठेवला तो माझ्या हातांनी.